बावन्नावं मिनिट आणि अडीचची मॅच

तळाच्या संघाचा समर्थक हा फुटबॉल मैदानावरचा सगळ्यात चिकट हिशेबनीस. जिंकणाऱ्यांना हिशेब लागत नाही. ते वडापाव खातात आणि घरी जातात. हरणाऱ्याच्या खिशात मात्र घडी घातलेला कागद असतो. त्यावर लिहिलेलं असतं: रविवारी पाचही मॅच गेल्या, बावन्नाव्या मिनिटाला तीनदा गोल खाल्ला, सलग सात सामन्यांत विजय नाही, दर वेळी अडीचच्या उन्हात आपणच, आणि समोरचा संघ नेहमी त्याच एका टीमशी खेळून आलेला. कागदाच्या तळाशी निष्कर्ष ठरलेला असतो. कोच बदला, नाहीतर आयोजकांनी काहीतरी केलंय.

या कागदावरच्या पाच तक्रारींपैकी तीन बहुतांशी गणित आहेत आणि दोन खऱ्या आहेत. गंमत अशी की आरडाओरडा होतो तो पहिल्या तिघींवर. खऱ्या दोन कुणी विचारतच नाही, कारण त्यांचं उत्तर निकालाच्या तक्त्यात नसून वेळापत्रक बनवणाऱ्याच्या वहीत असतं.

हिशेबासाठी एक काल्पनिक साखळी घेऊ. नेरुळ-वाशी पट्ट्यातलं एक मैदान, आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे प्रत्येकाचे १४ सामने. (२०१४ साली इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम याच रचनेचा होता: आठ संघ, १४ सामने, आणि मुंबई सिटीचं घर नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. १८ ऑक्टोबरला तिथे त्यांनी पुण्याला ५-० धुतलं आणि हंगामाअखेर आठात सातवे आले. एका निकालावर भविष्य सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) आपल्या साखळीत एका दिवशी चार मॅच, ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ, वेळा अडीच, चार, साडेपाच आणि सात. आपला संघ दुबळा आहे. कुठल्याही सामन्यात जिंकायची शक्यता २० टक्के, बरोबरीची २०, हरायची ६०. म्हणजे सामन्यामागे सरासरी ०.८ गुण. हंगाम संपला तेव्हा २ विजय, ३ बरोबऱ्या, ९ पराभव.

सलग सात सामन्यांत विजय नाही, ही तक्रार आधी घेऊ. जिंकायची शक्यता ०.२, म्हणजे न जिंकायची ०.८. ठरावीक सात सामने विजयाविना जाण्याची शक्यता ०.८ चा सातवा घात, सुमारे २१ टक्के. पण ही मालिका पहिल्या सामन्यापासूनच सुरू व्हायला हवी असं कुठे आहे? ती एखाद्या विजयानंतर, दुसऱ्या ते आठव्या यांपैकी कुठल्याही सामन्यापासून सुरू होऊ शकते. त्या सात सुरुवाती, प्रत्येकीआधीच्या विजयाच्या ०.२ सकट, धरल्या की १ अधिक ७ गुणिले ०.२, म्हणजे २.४; एकूण शक्यता ०.२१ गुणिले २.४, म्हणजे ५० टक्के. नाणेफेक! साखळीत असे दोन दुबळे संघ असले तर किमान एकावर ही पाळी येण्याची शक्यता पाऊणच्या आसपास जाते. सलग दहा सामने विजयाविना? तेही पाचातल्या एका हंगामात होणारच.

हे गणित सगळंच माफ करत नाही. इंग्लंडमधल्या डर्बी काउंटीने २००७-०८ च्या प्रीमियर लीगमध्ये ३८ सामन्यांत एकच जिंकला, न्यूकॅसलविरुद्ध, सप्टेंबरात. त्यानंतरचे ३२ सामने विजयाविना. आपल्या २० टक्केवाल्या संघावर अशी पाळी हजारात दोनदासुद्धा येत नाही. म्हणजे डर्बीचं नशीब खोटं नव्हतं. तो संघ २० टक्क्यांचाच नव्हता, त्याहून फार कच्चा होता. मधे नोव्हेंबरात मॅनेजर बदलला, आणि नव्या मॅनेजरला उरलेल्या हंगामात लीगचा एकही विजय मिळाला नाही. आकडेमोडीचा खरा उपयोग इथे आहे: सातची मालिका आणि बत्तीसची मालिका यांत फरक करता येणं.

आता बावन्नावं मिनिट. १४ सामन्यांत ३० गोल खाल्ले, सामना ७० मिनिटांचा. ३० गोल ७० खणांत टाकायचे. दोन गोल एकाच मिनिटात पडणं जवळजवळ ठरलेलंच. तीन गोल एकाच मिनिटात पडण्याची शक्यताही जवळपास निम्मी. ते मिनिट कुठलं असेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. पडल्यावर त्याला शाप हे नाव मिळतं. भिंतीवर आधी दगड मारायचा आणि मग जिथे लागला तिथे खडूने गोल काढायचा, असा हा नेम. बावन्नाव्याऐवजी एकोणिसावं निघालं असतं, तर 'सुरुवातीला पोरं झोपलेली असतात' असं ऐकायला मिळालं असतं.

गोलाच्या मिनिटांत आणखी एक घाण असते, ती वहीतली. रेफ्रीच्या रिपोर्टात पस्तिसाव्या आणि सत्तराव्या मिनिटापुढचा भरपाईचा वेळ बरेच जण वेगळा लिहीत नाहीत. २०२२ च्या महिला आशियाई चषकाची फायनल डी. वाय. पाटीलवरच झाली. चीन मध्यंतराला दोन गोलांनी मागे होता आणि दक्षिण कोरियाविरुद्ध ३-२ जिंकला. विजयी गोल भरपाईच्या तिसऱ्या मिनिटाला आला. तो ९० अधिक ३ असा नोंदला गेला. आपल्याकडच्या अनेक वह्यांत तो नुसता ९० असता. मग 'शेवटच्या मिनिटाला गोल खाणारा संघ' तयार होतो, कारण त्या एका मिनिटाच्या खणात चार-पाच मिनिटं कोंबलेली असतात.

वाढदिवसांचा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दरवर्षी आश्चर्य होतं. मैदानावर २२ खेळाडू आणि एक रेफ्री असे २३ जण उभे राहिले की त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ५०.७ टक्के. २०१४ च्या विश्वचषकात ३२ संघ होते, प्रत्येकात २३ खेळाडू. बरोबर १६ संघांत अशी जोडी निघाली. तेव्हा 'आपल्या गोलकीपरचा आणि त्यांच्या स्ट्रायकरचा बर्थडे एकच' यावरून काही सिद्ध होत नाही. केक मात्र एकच आणावा.

रविवारची तक्रार जास्त अवघड आहे, कारण तिच्यात दोन्ही शक्यता मिसळलेल्या आहेत. १४ पैकी ९ पराभव. ५ सामने रविवारी, पाचही गेले. पराभव निव्वळ सोडतीने वाटले असते तर पाचही रविवार त्यात येण्याची शक्यता १२६ भागिले २००२, म्हणजे ६.३ टक्के. सोळातून एकदा. वाटतं, अरे, काहीतरी आहे. पण समर्थकाने फक्त वार तपासला नाही. त्याने जर्सीचा रंग पाहिला, रेफ्री पाहिला, टॉस, कोणत्या गोलपोस्टच्या बाजूने सुरुवात, आधी पाऊस झाला होता का, कॅप्टन कोण, अमावास्या. असे बारा प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला योगायोगाने लागण्याची शक्यता ६.३ टक्के धरली, तर बारांपैकी किमान एक लागण्याची शक्यता ५४ टक्के होते. लागलेला प्रश्न कागदावर राहतो, न लागलेले अकरा कुणी लिहून ठेवत नाही.

मात्र रविवारमागे इथे एक खरं कारण असू शकतं: मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद. संघातली निम्मी पोरं ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येत असतील, ब्लॉक असेल आणि मॅच अडीचची असेल, तर किक-ऑफला आठच जण बूट बांधून उभे असतात. नियमाप्रमाणे सात जण असले की सामना सुरू होऊ शकतो, त्यामुळे रेफ्री थांबत नाही. पहिली पंधरा मिनिटं आठ विरुद्ध अकरा, दोन गोल, खेळ खल्लास. हे खरं आहे की नाही ते वारावरून कळणार नाही; 'रविवार' हा शब्दच चुकीच्या जागी बोट ठेवतो. पाहायचं ते असं: त्या रविवारी त्याच मार्गावर ब्लॉक होता का, किक-ऑफला किती जण हजर होते, पहिल्या पंधरा मिनिटांत किती गोल गेले. पाचांपैकी दोनच रविवारी ब्लॉक असेल तर उरलेल्या तीन पराभवांसाठी रेल्वेला शिव्या देऊ नयेत. आणि खरी कसोटी पुढची आहे. पहिल्या सात सामन्यांत जो संशय आला तो तारीख टाकून लिहायचा, आणि दुसऱ्या सात सामन्यांवर तपासायचा. ज्या सामन्यांनी संशय जन्माला घातला, त्याच सामन्यांना साक्षीदार करता येत नाही.

कोच बदलण्याचा मुद्दा याच्याच जवळचा. कोच काढतात ते कधी? चार सलग पराभवांनंतर, म्हणजे चार सामन्यांत शून्य गुण झाल्यावर. पुढच्या चार सामन्यांत काहीही न बदलता आपल्या संघाची सरासरी अपेक्षा ०.८ गुणिले ४, म्हणजे ३.२ गुण. शून्यावरून तिनावर! नव्या कोचचा फोटो ग्रुपवर फिरतो. नेदरलँड्सच्या अव्वल साखळीतल्या १९८६ ते २००४ या हंगामांचा अभ्यास झाला आहे. त्यात कोच काढलेल्या संघांशेजारी तशीच पडझड होऊनही कोच न काढलेले संघ ठेवले, तर दोन्ही गट सारखेच सावरलेले दिसले. कोच वाईट असू शकतो. पण तो वाईट आहे हे सरावात दिसतं: सेट पीसला (कॉर्नर, फ्री किक) कोण कुणाला मार्क करतो हे ठरलेलं नाही, बदली खेळाडू साठाव्या मिनिटापर्यंत उठतच नाहीत. चार निकालांवरून ते दिसत नाही.

उरलेल्या दोन तक्रारी मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. अडीचचं ऊन आणि समोरच्याची आदली मॅच. या गोष्टी चेंडू लाथाडण्याआधीच कागदावर ठरलेल्या असतात, माणसाने ठरवलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा ठरवणाऱ्यालाही आपण काय केलं हे माहीत नसतं.

आठ संघांचं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने बनतं. कागदावर दोन ओळी: वर ८, १, २, ३ आणि खाली ७, ६, ५, ४. वरच्याने खालच्याशी खेळायचं. पहिली फेरी: ८-७, १-६, २-५, ३-४. मग ८ जागेवर ठेवायचा आणि बाकी सात आकडे घड्याळाच्या दिशेने एकेक घर सरकवायचे. दुसरी फेरी: ८-६, ७-५, १-४, २-३. तिसरी: ८-५, ६-४, ७-३, १-२. चौथी: ८-४, ५-३, ६-२, ७-१. पाचवी: ८-३, ४-२, ५-१, ६-७. सहावी: ८-२, ३-१, ४-७, ५-६. सातवी: ८-१, २-७, ३-६, ४-५. दुसऱ्या टप्प्यात हेच पुन्हा. सोपं, बिनचूक, प्रत्येक जोडी बरोबर एकदा.

आता पहिली जोडी पाहा. प्रत्येक फेरीत ती ८ ची आहे. आयोजक ज्या क्रमाने जोड्या लिहितो त्याच क्रमाने वेळा टाकतो: पहिली अडीच, दुसरी चार. झालं. ज्याच्या चिठ्ठीवर ८ आला तो संघ १४ च्या १४ सामने अडीचला खेळणार, आणि बाकी प्रत्येकाला अडीचची मॅच दोनदाच, तीही ८ शीच. मार्चमध्ये पारा कधी कधी पस्तिशीच्या पुढे जातो आणि कृत्रिम टर्फ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. तळवे भाजतात, दुसऱ्या हाफला पाय उचलत नाहीत. नियमांत पाणी पिण्यासाठी जास्तीत जास्त एक मिनिटाचा आणि थंड व्हायला दीड ते तीन मिनिटांचा ब्रेक देता येतो, पण पुढची मॅच चारला लावायची असल्याने तोच पहिला कापला जातो. 'आपल्यालाच नेहमी ऊन' ही तक्रार करणाऱ्याला लोक रडका म्हणतात. तो रडका नाही. तो ८ नंबर आहे.

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. दर फेरीला वरची मॅच उचलून यादीच्या तळाशी टाकायची: पहिल्या फेरीत पहिली, दुसऱ्या फेरीत ती शेवटी, तिसऱ्या फेरीत पहिल्या दोन खाली, असं. मग ८ ला अडीचची वेळ १४ ऐवजी ४ वेळा येते. नंतर प्रत्येक संघापुढे अडीचच्या मॅच मोजायच्या. कुणाचा आकडा पाचच्या वर गेला तर त्या दिवशीच्या दोन मॅचची अदलाबदल करायची. एवढं पेन्सिलीनेही होतं.

दुसरी तक्रार जास्त लपलेली आहे. ३ नंबरच्या संघाच्या नजरेने वरचा तक्ता वाचा. त्याचे प्रतिस्पर्धी क्रमाने ४, २, ७, ५, ८, १, ६. दुसऱ्या फेरीतला २ आदल्या फेरीत कुणाशी खेळला? ५ शी. तिसऱ्या फेरीतला ७? ५ शी. सहाव्या फेरीतला १? ५ शी. सातव्या फेरीतला ६? तोही ५ शी. पहिल्या टप्प्यात सहापैकी चार वेळा. दुसऱ्या टप्प्याची सुरुवात ४ शी, आणि तोही सातव्या फेरीत ५ शीच खेळलेला. पूर्ण हंगामात १३ पैकी ९ वेळा ३ ला ५ चं उष्टं ताट मिळतं. ५ हा तगडा, धसमुसळा संघ असेल तर ३ च्या समोर दमलेले, सुजलेल्या घोट्यांचे, रेड कार्डमुळे एक माणूस कमी असलेले संघ येतील. ५ हा तळाचा असेल तर समोरचे सगळे पाच गोल मारून फुगून येतील. कुणीही कट केलेला नाही. आकडे एका दिशेने एकेक घर सरकले की असं होणारच.

याचा निकालांवर किती परिणाम होतो? बेल्जियमच्या साखळीत हे तपासलं गेलं आणि परिणाम आढळला नाही. व्यावसायिक संघांकडे २५ जणांचा ताफा आणि फिजिओ असतो, त्यामुळे ते पटतं. चौदा जणांत हंगाम काढणाऱ्या संघाला हेच लागू पडेल याची मला तेवढी खात्री वाटत नाही. पण मुद्दा परिणामाचा नाहीच. टाळता येण्यासारखी गोष्ट टाळली नाही, की तिच्यावर संशयाचं शेवाळ चढतं.

टाळायला फेऱ्यांचा क्रम मोडावा लागतो, जोड्या त्याच ठेवून. इथे एक ठेच लागते. पुष्कळ जण 'एक सोडून एक' फेऱ्या घेतात: १, ३, ५, ७, २, ४, ६. त्याने काही साधत नाही. ३ ला ५ ऐवजी ७ चं ताट मिळतं, पुन्हा सहापैकी चारदा. उडी सारखी राहिली की पुनरावृत्तीही तशीच राहते. उड्या वेडीवाकड्या हव्यात. १, २, ४, ७, ५, ६, ३ हा क्रम घेतला तर ३ ला ५ शी खेळून आलेला संघ सहापैकी दोनदाच भेटतो. दुसऱ्या टप्प्याला वेगळा क्रम घ्यावा. आठ संघांसाठी तर अशी परिपूर्ण रचना १९८० पासून माहीत आहे, जिच्यात कुणालाच कुणाचं ताट दुसऱ्यांदा येत नाही. सहा संघांसाठी मात्र ती होऊच शकत नाही.

वेळापत्रकातली भोकं खरंच किती महाग पडतात हे फुटबॉलने १९८२ मध्ये पाहिलं. स्पेनमधल्या विश्वचषकात अल्जीरियाने २४ जूनला आपला शेवटचा गटसामना जिंकला. दुसऱ्या दिवशी खिहोनमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा दोघांना ठाऊक होतं की जर्मनीच्या १-० विजयाने दोघेही पुढे जातात. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरत राहिला. अल्जीरिया घरी गेलं. पुढच्या विश्वचषकापासून गटाच्या शेवटच्या फेरीतले सामने एकाच वेळी होऊ लागले. कुणाला शिक्षा झाली नाही. वेळापत्रक दुरुस्त झालं. आपल्या एका मैदानाच्या साखळीत शेवटची फेरी एकाच वेळी खेळवता येत नाही, हे मान्य. पण निदान कुणाचं काय ठरायचं बाकी आहे ते पाहून निर्णायक मॅच पाठोपाठ लावता येतात, आणि त्यांत अधिक माहिती घेऊन उतरणारा संघ कोण असेल हे चिठ्ठीने ठरवता येतं.

म्हणून मागणी करायचीच तर ती कोचच्या राजीनाम्याची नको. मैदानं बहुतेक महापालिकेची, सिडकोची किंवा शाळांची असतात. सार्वजनिक जागेवर साखळी खेळवणाऱ्याकडे चार गोष्टी हक्काने मागता येतात. संघांची नावं न टाकता, फक्त आकड्यांचं वेळापत्रक आधी भिंतीवर लावा. मग सगळ्या कॅप्टनांसमोर चिठ्ठ्या काढा. यजमान क्लबनेही चिठ्ठीच उचलायची, 'आम्ही १ घेतो' चालणार नाही. प्रत्येक संघाला कोणती वेळ किती वेळा आली याचा तक्ता त्याच कागदावर असू द्या. आणि पुढे ढकललेल्या मॅच कुठे जातील ते हंगामाआधी लिहून ठेवा.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सगळी आखणी तिथेच कोसळते. अवकाळी पाऊस येतो, मैदान लग्नाला दिलं जातं, परीक्षा लागतात, आणि तीन फेऱ्या लोंबकळतात. मग ज्याचा कॅप्टन फोनवर जोरात बोलतो त्याला सोयीची तारीख मिळते आणि तळाच्या संघाला नऊ दिवसांत चार मॅच. सातव्या आणि चौदाव्या फेरीनंतर एकेक रविवार रिकामा ठेवायचा, ढकललेली मॅच पहिल्या रिकाम्या रविवारी जाईल, दोन मॅचमध्ये किमान तीन दिवस, आणि ज्या वेळेची मॅच बुडाली त्याच वेळेला ती पुन्हा. अडीचची मॅच पावसात गेली तर ती अडीचलाच खेळायची, संध्याकाळी सातला नाही.